कुबाला, लाडिस्लाव्ह

कुबाला, लाडिस्लाव्ह : (१० जून १९२७–१७ मे २००२). स्लोव्हाक वंशाचा विख्यात फुटबॉलपटू व प्रशिक्षक. चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी व स्पेन या तीन देशांच्या राष्ट्रीय संघांतून तो खेळला. तथापि विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत खेळाडू म्हणून उतरण्याची संधी त्यास एकदाही लाभली नाही. त्याचा जन्म बूडापेस्ट येथे एका स्लोव्हाक कष्टकरी कुटुंबात झाला. वडील गवंडी होते व आई कारखान्यात काम करी. अठराव्या वर्षाच्या सुमारास तो फेरेन्त्सव्हारोश या नामांकित संघात दाखल झाला. १९४६ मध्ये हंगेरीतील लष्करी सेवा टाळण्यासाठी तो ब्रातिस्लाव्हास गेला व तेथील स्लोव्हान संघातून खेळू लागला. संघाचा प्रशिक्षक फर्डिनांड डाउचिक याच्या बहिणीशी त्याने विवाह केला. चेकोस्लोव्हाकियातर्फे त्याने सहा सामन्यांत चार गोल केले. १९४८ मध्ये तो हंगेरीस परतला. या परतण्यामागेही लष्करी सेवेचाच प्रश्न होता, असे सांगतात. हंगेरीतर्फे तो तीनच सामने खेळला.

साम्यवादी राजवटीची पकड घट्ट होऊ लागताच जानेवारी १९४९ मध्ये सोव्हिएट सैनिकाच्या वेषात मालमोटारीतून त्याने ऑस्ट्रियाची सरहद्द गाठली आणि तेथून तो इटलीत पोहोचला. हंगेरीच्या फुटबॉल संघटनेच्या तक्रारीवरून आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने (फीफा) त्याच्यावर एक वर्षाची बंदी घातली. या काळात पूर्व यूरोपातील निर्वासित खेळाडूंचा ‘हंगेरिया’ नावाचा संघ डाउचिकच्या मार्गदर्शनाखाली उभा राहिला. १९५० च्या उन्हाळ्यात हा संघ स्पेनच्या दौऱ्यावर गेला असता कुबालाचा खेळ पाहून जोसेप सामितिएर याने त्यास बार्सेलोनाकरिता करारबद्ध केले. पाठोपाठ डाउचिकही तेथे प्रशिक्षक झाला. साम्यवादातून सुटलेला हा खेळाडू फ्रँको राजवटीला प्रचारासाठी सोयीचाच होता. त्यास स्पेनचे नागरिकत्व मिळाले आणि १९५५ मध्ये त्याच्या पलायनावर चित्रपट निघाला, त्यात नायकाची भूमिका त्याने स्वतःच केली.

भक्कम शरीरयष्टी, चेंडू अंगाआड राखण्याची हातोटी आणि प्रतिपक्षाच्या खेळाडूंच्या भिंतीवरून वळणारे फ्री किकचे फटके ही त्याच्या खेळाची वैशिष्ट्ये होत. फेब्रुवारी १९५२ मध्ये स्पोर्टिंग हिहोनविरुद्ध त्याने एकाच सामन्यात सात गोल केले. स्पॅनिश साखळी स्पर्धेतील या विक्रमात आतलेतिक बिल्बाओचा बाता हा एकटाच त्याचा भागीदार आहे. १९५१-५२ च्या हंगामात बार्सेलोनाने पाच करंडक जिंकले. पुढील हंगामात क्षयरोगाने तो अंथरुणास खिळला व त्याची कारकीर्द संपली असेच अनेकांना वाटले. परंतु त्याच हंगामात तो मैदानावर परतला आणि बार्सेलोनाने साखळी स्पर्धा राखली. कुबालामुळेच १९५७ मध्ये काम्प नोउ हे भव्य क्रीडागार उभे राहिले, असे सांगितले जाते. हे विधान काहीसे अतिशयोक्त आहे. नव्या मैदानाचा विचार त्याच्या आगमनापूर्वीच सुरू झाला होता. मात्र जुने मैदान त्याच्या चाहत्यांना अपुरे पडू लागले, हे खरे.

ऑक्टोबर १९५३ मध्ये वेम्ब्ली येथे इंग्लंडविरुद्ध ४-४ असा बरोबरीत सुटलेल्या सामन्यात त्याने फीफाच्या निवडक संघातर्फे दोन गोल केले. पुढच्याच महिन्यात त्याच मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे नमविले, तेव्हा हंगेरीच्या त्या विख्यात संघात कुबाला नव्हता. मार्च १९५४ मध्ये रोम येथे तुर्कस्तानविरुद्धच्या विश्वचषक पात्रतेच्या निर्णायक सामन्याआधी, कुबालाला खेळवू नये अशी तार फीफाच्या नावाने स्पेनच्या गोटात पोहोचली. त्यास वगळण्यात आले. सामना २-२ असा बरोबरीत सुटला व एका मुलाच्या हातून चिठ्ठी काढून तुर्कस्तानची निवड झाली. आपण अशी तार पाठविलीच नसल्याचे फीफाने नंतर सांगितले. स्पेनतर्फे त्याने एकूण १९ सामन्यांत ११ गोल केले.

हंगेरीचे कोचिश व त्सिबोर हे नामवंत खेळाडूही पुढे बार्सेलोनात आले. ३१ मे १९६१ रोजी बर्न येथे यूरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात त्या दोघांनीही गोल केले, पण बेन्फिकाने बार्सेलोनाला ३-२ असे हरविले. बर्नच्या याच मैदानावर १९५४ मध्ये हंगेरीने विश्वचषक गमावला होता आणि तोही ३-२ असाच.

त्यानंतर कुबाला प्रशिक्षणाकडे वळला. बार्सेलोनाचा मार्गदर्शक म्हणून त्यास फारसे यश लाभले नाही. प्रतिस्पर्धी एस्पान्योलकडे तो गेला, हे बार्सेलोनाच्या अनेक चाहत्यांना रुचले नाही. तेथे आल्फ्रेदो दि स्तेफानो त्याच्या हाताखाली खेळला. झ्यूरिक, टोराँटो व कोर्दोबा येथील संघांनंतर १९६९ मध्ये स्पेनचा राष्ट्रीय संघ त्याच्याकडे आला. अकरा वर्षांत ६८ सामन्यांत त्याने या संघाला मार्गदर्शन केले. फेब्रुवारी १९७४ मध्ये फ्रँकफुर्ट येथे यूगोस्लाव्हियाकडून १-० असा पराभव होऊन स्पेनची विश्वचषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबर १९७७ मध्ये बेलग्रेडच्या क्षुब्ध प्रेक्षकांसमोर त्याच यूगोस्लाव्हियाला रुबेन कानोच्या गोलमुळे स्पेनने १-० असे हरविले आणि १९६६ नंतर प्रथमच अंतिम स्पर्धेत प्रवेश मिळविला. खेळाडू म्हणून हुकलेली ही स्पर्धा कुबालाने १९७८ मध्ये आर्जेंटिनात मार्गदर्शक म्हणून पाहिली. स्पेनने ब्राझीलशी बरोबरी साधली व स्वीडनला हरविले. तथापि ऑस्ट्रियाविरुद्धच्या पराभवामुळे पहिल्याच फेरीत त्याचे आव्हान संपले. १९८० च्या यूरोपीय स्पर्धेनंतर कुबालाने हे पद सोडले. १९९५ मध्ये पॅराग्वायच्या राष्ट्रीय संघाची धुराही काही काळ त्याच्याकडे होती.

बार्सेलोना येथे त्याचे निधन झाले. काम्प नोउच्या आवारात २००९ मध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला.