कालचा भाव

लक्ष्मीपूजनाला घरोघरी वह्यांना हळदकुंकू वाहिले जाते आणि त्याच दिवशी मुंबईच्या शेअरबाजारात तासाभराचा मुहूर्ताचा सौदा होतो. ही प्रथा १९५७ पासूनची. त्या तासात कोणता शेअर किती रुपयांना गेला हे आज घरातले शाळकरी पोरही खिशातल्या यंत्रावर पाहून सांगेल. पण तोच शेअर वीस वर्षांपूर्वी किती रुपयांना होता, असे विचारले आणि त्याने एक आकडा वाचून दाखवला, तर त्या आकड्यावर विसंबण्यापूर्वी थोडे थांबावे. भाव ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. आजचा भाव बाजारात मिळतो. कालचा भाव मात्र इतिहासात शोधावा लागतो.

नाशिकच्या माणसाला हे पांडवलेण्यांनी फार पूर्वीच शिकवून ठेवले आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळ, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला, ती टेकडी उभी आहे. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने ३,००० कार्षापणे कायमची ठेवली. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज. मूळ रक्कम परत मागावयाची नाही, केवळ व्याज खावयाचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापणे द्यावयाची. वाचकांनी हिशेब करून पाहावा: वर्षाचे व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा तेवढेच. पै इकडची तिकडे नाही!

पण माझे कौतुक त्या बेरजेचे नाही. त्याच लेखात ७०,००० कार्षापणांची दुसरी एक देणगी नोंदताना, ३५ कार्षापणांचे एक सुवर्ण असा दर धरून ती २,००० सुवर्णांच्या बरोबरीची आहे, असे कोरून ठेवले आहे. आकड्याबरोबर त्याचे मापही दिले. हे सारे निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवल्याचेही तेथे म्हटले आहे. म्हणूनच इतक्या शतकांनंतर आपल्याला त्या रकमेचा अर्थ लागतो. शेअरच्या जुन्या भावात नेमके हे मापच हरवलेले असते.

उदाहरण दूर कशाला शोधावयाचे? अंबडच्या वसाहतीतच विजेची स्विचगियर सामग्री बनवणारा एक मोठा कारखाना आहे. नाशिककर अजूनही त्याला सवयीने ‘क्रॉम्प्टन’ म्हणतात. कंपनी १९३७ साली मुंबईत ‘क्रॉम्प्टन पार्किन्सन वर्क्स’ या नावाने निघाली. स्वातंत्र्याच्या सुमारास ती थापर घराण्याकडे आली, १९६६ साली तिचे नाव ‘क्रॉम्प्टन ग्रीव्हज्’ झाले आणि २०१७ साली ‘सीजी पॉवर अँड इंडस्ट्रियल सोल्यूशन्स’. म्हणजे भावाच्या शोधाला निघालेल्या माणसाला पहिली अडचण नावाचीच. ट्रंकेच्या तळाशी सापडलेल्या प्रमाणपत्रावरचे नाव आजच्या यादीत मिळाले नाही म्हणून ‘कंपनी बुडाली’ असे समजून कागद रद्दीत गेल्याची उदाहरणे आपल्याकडे काही थोडी नसतील.

दुसरी अडचण अधिक गमतीची. २००६ पूर्वी या कंपनीच्या एका शेअरची दर्शनी किंमत १० रुपये होती. त्या वर्षी त्याचे दोन-दोन रुपयांचे पाच तुकडे झाले. त्याच वर्षी कंपनीने दर पाच शेअरांमागे दोन बक्षीस, म्हणजे बोनस, दिले. पुढे २०१० साली दर चारांमागे तीन दिले. कोणा काकांजवळ आरंभी १०० शेअर होते असे धरा. शंभरांचे पाचशे झाले, पाचशेंचे सातशे आणि सातशेंचे १,२२५. काकांनी पदरची एक दमडी घातली नाही, आणि खरे सांगावयाचे तर त्यामुळे ते एका दमडीने श्रीमंतही झाले नाहीत. तीच भाकरी, तुकडे अधिक.

आता समजा, जुन्या वर्तमानपत्रात या शेअरचा भाव २४५ रुपये छापलेला आहे. आजच्या शेअरशी त्याची तुलना करावयाची तर २४५ ला सव्वाबाराने भागले पाहिजे. उत्तर येते २० रुपये. बाजाराच्या स्वतःच्या जुन्या नोंदींत त्या दिवशी झालेला प्रत्यक्ष भाव असतो, म्हणजे २४५. इतर अनेक तक्त्यांत आणि आलेखांत मात्र भागून ठेवलेला आकडा असतो, म्हणजे २०. दोन्ही खरे. परंतु एक आकडा येथून आणि दुसरा तेथून उचलून जो नफातोटा काढील, त्याला शेअर आपटल्याचा भास होईल किंवा आपण कुबेर झाल्याचा.

याहून मोठा चकवा मार्च २०१६ चा. कंपनीने पंखे, दिवे, पंप हा घरगुती मालाचा धंदा तोडून वेगळ्या कंपनीला दिला आणि जुन्या भागधारकांना एका शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर मिळाला. वाटणी ज्या दिवशी भावात उतरली त्या दिवशी जुना शेअर एकदम निम्म्याहूनही खाली आला. न दुरुस्त केलेल्या आलेखात तेथे सरळ कडा दिसतो, कोणी ढकलून दिल्यासारखा. वस्तुतः कोणाचे काही गेले नव्हते. घर वाटले होते, जळले नव्हते. नवा शेअर मे महिन्यात बाजारात येईपर्यंत काकांचा निम्म्याहून अधिक ऐवज भावाच्या तक्त्याबाहेर बसला होता, इतकेच.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट उजाडला. कंपनीच्या हिशेबांत गंभीर अनियमितता आढळल्याचे संचालक मंडळानेच बाजाराला कळवले. देणी आणि दिलेल्या उचली कमी दाखवल्या गेल्या होत्या. अध्यक्षांना दूर करण्यात आले. २०२० च्या मार्चमध्ये, करोनाच्या दिवसांत, शेअर दहा रुपयांच्याही खाली होता. हा खरा कडा. परंतु कागदावर पाहा: २०१६ ची रेघही खाली जाते, २०१९ चीही खालीच जाते. रेघेला वाटणी आणि वाताहत यांतला फरक कळत नाही. तो वाचणाराला कळावा लागतो. पहिल्या रेघेला भिऊन विकणारा फसला आणि दुसरीकडे ‘अशी पडझड मागेही झाली होती’ म्हणून निर्धास्त राहिलेल्याची झोप उडाली.

नावाचा आणि पडझडीचा असाच चकवा आपल्या मुंबईने दीडशे वर्षांपूर्वी फार मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथला कापूस अडला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि आलेला पैसा शेअरांत शिरला. बॅक बे भरणी कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव सुमारे ५०,००० पर्यंत चढला. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेला, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी मुंबईची पेठ बसली. बँक ऑफ बॉम्बेचा ५०० रुपयांचा शेअर २,८५० पर्यंत गेला होता. तो पुढे ८७ रुपयांना विकला गेला. या तेजीचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद. त्यांच्या मातेच्या नावाचा राजाबाई टॉवर मात्र आजही मुंबईला वेळ सांगत उभा आहे. बाजारात अशा वेळेची सूचना कोणी आगाऊ दिली असती तर!

बॅक बे कंपनी गेली, तिच्याबरोबरच्या कितीतरी कंपन्या गेल्या. बँक ऑफ बॉम्बे मात्र १८६८ साली पुन्हा त्याच नावाने उभी राहिली, पण ती नवी बँक होती. केवळ नाव पाहून दोन्हींचे भाव एका रांगेत मांडले तर ८७ रुपयांतून बँक सावरली असे वाटेल. सावरली नाही, जुनी संपली, दुसरी निघाली. ही दुसरी १९२१ साली इंपीरियल बँकेत विलीन झाली आणि त्या बँकेची १९५५ साली स्टेट बँक झाली. शिवाय आजच्या यादीतील कंपन्यांचेच जुने भाव काढून ‘शेअर धरून ठेवला की पैसा होतोच’ असे सांगणारे जे असतात, त्यांच्या तक्त्यात बॅक बेला ओळच नसते. मेलेल्यांचे भाव कोण लिहून ठेवणार?

भावात आणखीही एक गोष्ट नसते, ती म्हणजे लाभांश. उषवदाताच्या ठेवीची मुद्दल सदैव ३,००० च. केवळ तेवढेच पाहणाराला त्या देणगीने काही दिले असे वाटणार नाही. शेअरचेही तसेच. वर्षानुवर्षे घरात आलेला लाभांश भावाच्या रांगेत दिसत नाही, तो निराळा जोडावा लागतो.

या जुन्या भावांची गरज आता घरगुती हिशेबातही पडते. ३१ जानेवारी २०१८ या दिवसाचा सर्वांत चढा भाव प्राप्तिकरात महत्त्वाचा ठरला आहे. त्यापूर्वी घेतलेले नोंदणीकृत शेअर पुढे विकले तर खरेदीची किंमत ठरवताना तो भाव विचारात घेतात. पण २०१८ नंतर तुकडे झाले असतील, तर तोही भाव भागून घ्यावा लागतो. तेव्हा ट्रंकेतला कागद सापडला की भाव पाहण्याआधी एका कोऱ्या वहीत कंपनीची नावे क्रमाने, मग तुकडे, बोनस, वाटणी यांच्या तारखा, आणि समोर शेअरांची संख्या लिहावी. सात वर्षे लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जमा झाले असण्याचा संभव असतो. तेथूनही ते अर्ज करून परत मिळतात.

अंबडच्या कंपनीचे पुढे काय झाले, हे काका विचारतीलच. २०२० च्या नोव्हेंबरात मुरुगप्पा समूहातील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने तिचा ताबा घेतला. त्यांना नवे शेअर ८ रुपये ५६ पैशांनी देण्यात आले. २०२४ साली बाजारात तोच शेअर ७०० रुपयांच्या पुढे गेला. जुन्या भावाचा तक्ता मांडून बसलेल्याने तो ८ रुपये ५६ पैशांचा आकडा मात्र रोजच्या बाजारभावांत शोधू नये. तो कंपनीच्या ठरावात आहे.