तंजावरचा संगमरवरी निरोप



तंजावरला पोस्टिंग आलं की मराठी माणूस आधी बृहदीश्वराच्या देवळात जातो आणि सरफोजीराजांनी 1803 साली भिंतीवर कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास बोटाने वाचायला लागतो. मीही तेच केलं. पण शेजारीच, शिवगंगा किल्ल्यातल्या श्वार्ट्झ चर्चमध्ये, याच राजाने करवून घेतलेलं दुसरं स्मारक आहे. तिकडे आपली पावलं सहसा वळत नाहीत.

संगमरवरातलं उठावशिल्प. पलंगावर मरणासन्न म्हातारा पाद्री, त्याचा हात हातात घेतलेले सरफोजीराजे, उशाशी गेरिके हा दुसरा पाद्री, भोवती मंत्री आणि मुलं.

हे घडवलं लंडनच्या जॉन फ्लॅक्समनने. जन्म 1755, यॉर्कचा. बाप प्लास्टरचे साचे करून विकायचा. आजारी पोरगं त्याच दुकानात बसून चित्रं काढायला शिकलं. पुढे वेजवुडच्या चिनी मातीच्या भांड्यांसाठी नक्षी, रोममध्ये सात वर्षं, होमरच्या काव्यांवरची रेखाचित्रं आणि 1810 मध्ये रॉयल अकादमीत शिल्पकलेचा प्राध्यापक. सेंट पॉल कॅथेड्रलमधलं अॅडमिरल नेल्सनचं स्मारकही त्याचंच. 1826 ला तो गेला. हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नाही.

मग राजा रडला का? ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन पाद्री. हैदरअलीच्या स्वारीत तंजावरच्या किल्ल्यात शिबंदी उपाशी मरत होती. शेतकरी सरकारला धान्य द्यायला तयार नव्हते, श्वार्ट्झच्या शब्दावर मात्र दिलं. रसद म्हणजे काय, हे फौजीला सांगायला नको! 1787 मध्ये तुळजाराजे वारले. दत्तक सरफोजी लहान. गादीवर अमरसिंह बसला. पोराचं रक्षण आणि शिक्षण श्वार्ट्झने पाहिलं, त्याचा हक्क कंपनीपुढे मांडला. 13 फेब्रुवारी 1798 ला श्वार्ट्झ गेला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले.

आजारपणात राजे त्याला भेटून गेले होते. मृत्यूनंतर शवपेटी बंद होण्याआधी येऊन रडले. फ्लॅक्समनने हे सगळं एकाच क्षणात बांधलं. इतिहासाचं चित्र काढणारे असंच करतात. तारीख सरकते, भाव खरा राहतो.

एक गोष्ट मात्र शिल्पात नाही. 1799 च्या तहाने कंपनीने राज्यकारभार घेतला. राजांकडे किल्ला आणि मान उरला. ज्या कंपनीपुढे श्वार्ट्झने त्यांचा हक्क मांडला, तिनेच तो हक्क पोकळ केला. तरी राजांनी त्या एका माणसाचं ऋण विसरलं नाही. सत्तेचा हिशेब वेगळा, माणसाचा वेगळा.

देवळातल्या भिंतीवर रक्ताचे पूर्वज, चर्चमध्ये पालक. तंजावरला आलात तर दोन्ही बघा.

जय हिंद.