तोडा, गार आणि बॅटरी : एक जुना प्रश्न

१/ स्वस्त रेड डॉट साइट घ्यावी का, या चर्चेत दोन शंका हमखास येतात : बॅटरी किती टिकेल आणि ऐन वेळी ठिपका दिसेल ना? नाण्याएवढ्या सेलवर शस्त्राचा भरवसा ठेवण्याचा हा प्रश्न नवा भासतो. वस्तुतः तो बंदुकीइतकाच जुना आहे.

२/ तोड्याची बंदूक आठवा. तोडा म्हणजे शोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. चाप ओढला की तिचे धुमसते टोक रंजकीला टेके व बार उडे. पहाऱ्यावर तो पेटता ठेवावा लागे. म्हणजे एकही गोळी न झाडता खर्च चालूच. रात्री निखारा शत्रूला दिसे, पावसात तो विझे.

३/ चकमकीच्या बंदुकीने हा अखंड खर्च वाचवला. मात्र गार झिजे. साधारण वीस-तीस बारांनंतर ती बदलावी लागे. रंजक दमट झाली की ठिणगी व्यर्थ. १८३४ मध्ये इंग्लंडात वुलिच येथे झालेल्या चाचणीत चकमकीच्या बंदुकांचे ६,००० पैकी ९२२ बार फुकट गेले. नव्या टोपीच्या बंदुकांचे अवघे ३६.

४/ तरीही आपल्याकडे तोडा एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकला. 'मागासलेपण' हे त्याचे उत्तर अपुरे आहे. दगडाची तर वाण नव्हतीच : १९५४-५६ च्या उत्खननात ह. धी. सांकलिया यांना नेवाशात प्रवरेकाठी चर्ट व जॅस्परची अश्मयुगीन हत्यारे सापडली. अवघड होती ती चकमकीची पोलादी कमान. ती तुटली तर कुशल कारागीरच हवा. तोडा मात्र सूत आणि शोरा मिळेल तेथे वळता येई.

५/ जेथे कारागिरांची व्यवस्था उभी राहिली, तेथे चित्र पालटले. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन्यची कवायती पलटणे होती. त्यांच्यासाठी आग्र्याच्या कारखान्यात सँग्स्टर नावाचा स्कॉटिश कारागीर बंदुका घडवी. एका बंदुकीचा खर्च सुमारे १० रुपये, अशी नोंद आहे.

६/ ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि आजच्या नेवासा तालुक्यातील टोका येथे ऐन पावसाळ्यात गोदावरी ओलांडली. २३ सप्टेंबरला असईच्या रणात शिंद्यांच्या कवायती पायदळाच्या हातीही चकमकीच्याच बंदुका होत्या. त्यामुळे 'जुनाट तोडा हरला' हे सोपे स्पष्टीकरण असईला लागू पडत नाही.

७/ निगेचे मोल आपल्या राज्यकर्त्यांना ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गडावरील दारू व बाण दर आठ-पंधरा दिवसांनी उन्हात घालून पुन्हा मोहोरबंद करण्याची ताकीद आहे. बॅटरी वेळेवर बदलण्याची ही अठराव्या शतकातील शिस्तच!

८/ पुढच्या वेळी संग्रहालयात जुनी बंदूक दिसली, तर आधी तिचा चाप न्याहाळा. दोरी धरणारा वाकडा चिमटा असेल, तर ती तोड्याची. गार आवळणारा जबडा असेल, तर ती चकमकीची. मग नक्षीकडे वळण्यापूर्वी विचारा : हिला पेटवणारी वस्तू किती टिके, आणि ती संपल्यावर नवी कोण देई?

(समाप्त)