झपाटलेली समाधी आणि विषमज्वर

कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात, झाडीत एक समाधी आहे. दाराशी दगडी स्फिंक्स. जागा झपाटलेली आहे म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा खारी तेवढ्या दिसल्या. आत आई-वडिलांसोबत धाकटा लेलंड स्टॅनफर्ड आहे. १८८४ च्या मार्चमध्ये फ्लॉरेन्सला तो विषमज्वरानं गेला, वय १५. विद्यापीठ निघालं ते त्याच्याच नावानं.

या रोगाचे जंतू एबर्थनं १८८० मध्ये पाहिले होते. गाफ्कीनं ते प्रयोगशाळेत वाढवले, तेही १८८४ मध्येच! पण जंतू ओळखणं वेगळं आणि रोगी वाचवणं वेगळं. क्लोरँफेनिकॉल हे गुणकारी औषध वापरात यायला १९४८ उजाडलं. वडील रेल्वेउद्योगातले बडे धनिक. तरी त्यांच्या हाती होती ती शुश्रूषा, आणि ताप उतरण्याची वाट पाहणं.