हरिणांच्या शिकारीतील ध्वनिशामक आणि अवस्वनी काडतुसे

ध्वनिशामक (व्यवहारात सायलेन्सर किंवा सप्रेसर) हे बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी बसवले जाणारे, बाराचा आवाज कमी करणारे उपकरण आहे. ज्या काडतुसातील गोळी ध्वनीच्या वेगापेक्षा कमी वेगाने जाते, त्यास अवस्वनी (सबसॉनिक) काडतूस म्हणतात. अमेरिका, ग्रेट ब्रिटन, न्यूझीलंड आणि युरोपातील अनेक देशांत हरिणांच्या परवानाधारक शिकारीत ध्वनिशामकाचा वापर होतो. ही दोन साधने पुष्कळदा एकत्रच उल्लेखिली जातात. तथापि त्यांची कार्ये भिन्न आहेत. ध्वनिशामकामुळे गोळीचा वेग किंवा मारक शक्ती उणावत नाही. अवस्वनी काडतुसात मात्र शांततेचे मोल गोळीच्या ऊर्जेतून चुकवावे लागते. त्यामुळे जनावर जागीच गतप्राण होईल की जायबंदी होऊन रानात निसटेल, हा या निवडीतील मुख्य प्रश्न ठरतो.

आवाजाचे घटक

रायफल झाडल्यावर होणारा आवाज एकच वाटला तरी त्यात निरनिराळे घटक असतात. पहिला घटक म्हणजे जळालेल्या दारूचे उष्ण, उच्च दाबाचे वायू नळीतून एकदम बाहेर पडल्याने होणारा स्फोट. दुसरा, गोळी ध्वनीपेक्षा अधिक वेगाने, म्हणजे स्वनातीत वेगाने जात असल्यास हवेत उमटणारा चाबकासारखा कडाका. तिसरा, बंदुकीच्या यंत्रणेचा खटखटाट आणि चौथा, गोळी लक्ष्यावर आदळल्याचा आवाज.

ध्वनिशामकाच्या आतील पडद्यांमुळे निर्माण झालेल्या कप्प्यांत वायू पसरतात, थंडावतात आणि सावकाश बाहेर पडतात. त्यामुळे केवळ पहिला घटक कमी होतो. गोळीच्या मार्गावर उमटणारा कडाका ध्वनिशामकाला रोखता येत नाही. तो टाळण्यासाठी गोळीचा वेगच कमी ठेवावा लागतो.

शिकारीच्या रायफलीचा बार साधारणपणे १६० ते १७० डेसिबेल इतका असतो. चांगला ध्वनिशामक तो २० ते ३५ डेसिबेलने खाली आणतो. क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबेल ही श्रवणहानीची धोक्याची मर्यादा मानली जाते. म्हणजे ध्वनिशामक लावलेली रायफल चित्रपटांत दाखवतात तशी निःशब्द होत नाही; तिचा आवाज बऱ्याच अंशी धोक्याच्या रेषेच्या आसपास किंवा खाली येतो, इतकेच. कानांच्या संरक्षणाखेरीज बंदुकीचा धक्का कमी बसणे, शेजारच्या वस्तीला त्रास न होणे आणि सोबतच्या शिकारी कुत्र्यांचे कान वाचणे हे त्याचे अन्य लाभ आहेत.

इतिहास

व्यापारी तत्त्वावर यशस्वी झालेला पहिला ध्वनिशामक हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी अभियंत्याने तयार केला. १९०९ मध्ये त्यास पेटंट मिळाले. मॅक्सिम मशीनगनचे जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे त्याचे वडील. अमेरिकेत १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याने ध्वनिशामकाची नोंदणी सक्तीची केली आणि त्याच्या हस्तांतरणावर २०० डॉलर कर बसवला. त्या काळी ही रक्कम सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्याबाहेरची होती. २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२६ पासून हा कर शून्यावर आला; नोंदणीची अट मात्र कायम राहिली.

उत्तर युरोपात या उपकरणाकडे प्रारंभापासून निराळ्या दृष्टीने पाहिले गेले. नॉर्वे आणि फिनलंड येथे ध्वनिशामक हे शिकाऱ्याचे नित्याचे साधन आहे. जर्मनीत २०२० च्या दुरुस्तीने शिकार परवानाधारकांना त्याचा वापर देशभर सुकर झाला.

अवस्वनी काडतूस

२० अंश सेल्सियस तापमानात हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. शून्य अंशाला तो सुमारे ३३१ मीटरपर्यंत उतरतो. थंडीतही गोळी या मर्यादेखाली राहावी म्हणून उत्पादक अवस्वनी गोळीचा वेग साधारणतः ३०५ ते ३२० मीटर ठेवतात. वेग कमी असल्याने ऊर्जा राखण्यासाठी गोळी जड आणि लांब करावी लागते.

या प्रकारातील सर्वाधिक परिचित काडतूस म्हणजे .३०० एएसी ब्लॅकआउट. त्यास २०११ मध्ये अमेरिकी उद्योगसंस्थेची प्रमाणमान्यता मिळाली. एकाच बंदुकीतून सुमारे ७ ग्रॅमची हलकी स्वनातीत गोळी आणि सुमारे १४ ग्रॅमची जड अवस्वनी गोळी झाडता यावी, अशी त्याची रचना आहे.

ऊर्जा आणि गोळीचे उमलणे

गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला तर ऊर्जा चतुर्थांशावर येते. हरिणाच्या शिकारीत रूढ असलेल्या .३०८ विंचेस्टर काडतुसाच्या ९.७ ग्रॅमच्या गोळीची नळीतोंडाशी ऊर्जा सुमारे ३,६०० ज्यूल असते. .३०० ब्लॅकआउटच्या स्वनातीत गोळीची ऊर्जा सुमारे १,८०० ज्यूल, तर अवस्वनी गोळीची जेमतेम ६८० ज्यूल भरते.

दुसरी अडचण गोळीच्या रचनेची आहे. शिकारीची गोळी शरीरात शिरताच पुढून उमलते आणि रुंद जखम करते. बहुतेक प्रचलित गोळ्यांना त्यासाठी सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेग लागतो. अवस्वनी वेगाने त्या न उमलता आरपार जातात आणि अरुंद छिद्र पाडतात. असे हरीण बराच काळ धावत राहते, रक्ताचा माग पुरेसा मिळत नाही आणि शिकाऱ्याच्या हाती न लागता ते तडफडून मरते. म्हणून कमी वेगातही उमलतील अशा मऊ वा खाचा पाडलेल्या खास गोळ्या बनवल्या जातात. त्यांनी दोष कमी होतो, पण ऊर्जेची उणीव भरून निघत नाही.

तिसरी बाब प्रक्षेपमार्गाची. ३१० मीटर वेगाच्या गोळीस १०० मीटर अंतर कापण्यास सुमारे एक तृतीयांश सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने सुमारे अर्धा मीटर खाली येते. .३०८ ची गोळी त्याच अंतरात ७ ते ८ सेंटिमीटर उतरते. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी अवस्वनी गोळी वर्मी लागत नाही. शिवाय ही गोळी ध्वनीपेक्षा मंद असल्यामुळे उरलेला आवाज हरिणापर्यंत गोळीच्या आधी पोहोचतो. दचकून त्याने एक पाऊल टाकले तरी नेम चुकतो.

निवडीचे निकष

ध्वनिशामक निवडताना तो नळीच्या व्यासाशी आणि काडतुसाच्या दाबाशी जुळणारा असावा लागतो. लांबी व वजन वाढल्याने बंदुकीचा तोल पुढे झुकतो. म्हणून रानात पायी फिरणारे शिकारी आखूड नळी पसंत करतात. ध्वनिशामक लावल्यावर गोळी पडण्याची जागा बदलू शकते, त्यामुळे नेम त्याच जोडणीसह तपासावा लागतो.

जड आणि लांब गोळी स्थिर राहण्यासाठी तिला जलद फिरकी मिळावी लागते. .३०० ब्लॅकआउटच्या नळीतील आटे साधारणतः ७ ते ८ इंचांत एक पूर्ण वेढा घेतात; .३०८ च्या अनेक नळ्यांत तो १० ते १२ इंचांत पूर्ण होतो. फिरकी अपुरी पडल्यास गोळी डगमगते, नेम बिघडतो आणि ध्वनिशामकाच्या आतील पडद्यांना ती घासण्याचा धोका निर्माण होतो. हाताने बोल्ट ओढण्याच्या रायफलीत यंत्रणेचा आवाज होत नाही; स्वयंभरण रायफलीत तो होतो, आणि अवस्वनी काडतुसाचा दाब तिची यंत्रणा फिरवण्यास कधी कधी अपुरा ठरतो.

या सर्वांचा विचार करता हरिणासाठी ध्वनिशामक आणि पूर्ण वेगाची स्वनातीत गोळी ही जोडी सर्वसाधारणपणे योग्य मानली जाते. अवस्वनी काडतूस वापरायचेच झाल्यास ते अगदी जवळचे अंतर, स्थिर उभे जनावर, उमलणारी खास गोळी आणि कसलेला नेमबाज एवढ्यापुरतेच मर्यादित ठेवले जाते.

कायदेशीर तरतुदी

कित्येक देशांत हा प्रश्न शिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ च्या हरिण कायद्यानुसार रायफलीचा व्यास किमान .२४० इंच आणि नळीतोंडाशी ऊर्जा किमान १,७०० फूट-पौंड (सुमारे २,३०५ ज्यूल) असावी लागते. मुंटजॅक आणि चिनी पाणहरीण या लहान जातींसाठी ऊर्जेची मर्यादा १,००० फूट-पौंड (सुमारे १,३५६ ज्यूल) आहे. ३१० मीटर वेगाने २,३०५ ज्यूल ऊर्जा गाठण्यास सुमारे ४८ ग्रॅमची गोळी लागेल, यावरून ही अट किती दूरची आहे हे लक्षात येते. स्कॉटलंडमध्ये तर सेकंदाला किमान २,४५० फूट (सुमारे ७४७ मीटर) वेगाचीच अट असल्याने अवस्वनी गोळी आपोआप वगळली जाते.

जर्मनीत रो हरिणासाठी १०० मीटर अंतरावर किमान १,००० ज्यूल आणि मोठ्या हरिणांसाठी २,००० ज्यूल ऊर्जा आवश्यक आहे. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. कोलोरॅडोत १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जेची अट आहे, तर अन्य काही राज्यांत केवळ काडतुसाचा प्रकार किंवा व्यास पाहिला जातो. तेथे अवस्वनी काडतूस कायद्यात बसते, परंतु ते पुरेसे आहे की नाही हा निर्णय शिकाऱ्याच्या विवेकावर राहतो.

आक्षेप

ध्वनिशामकामुळे चोरट्या शिकारीस वाव मिळतो आणि परिसरातील लोकांना गोळीबाराची सूचना मिळत नाही, असा विरोधकांचा मुख्य आक्षेप आहे. समर्थक श्रवणरक्षणाकडे आणि स्वनातीत गोळीचा कडाका दूरवर ऐकू येतच असतो या वस्तुस्थितीकडे लक्ष वेधतात. अवस्वनी गोळीच्या बाबतीत मात्र हा दुसरा युक्तिवाद लागू पडत नाही.

भारतातील स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार चितळ, सांबर, भेकर आदी हरिणांच्या शिकारीस बंदी आहे. मानवी जीवितास धोका किंवा पिकांची हानी अशा मर्यादित कारणांसाठीच सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने अपवाद होऊ शकतो. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेच्या व्याख्येतच बाराचा आवाज किंवा झोत कमी करणाऱ्या साधनांचा समावेश आहे. त्यामुळे सुटा ध्वनिशामक बाळगणे हेही कायद्याच्या दृष्टीने अग्निशस्त्र बाळगण्यासारखेच आहे. भारतीय उपखंडातून नेलेले चितळ मात्र टेक्सास आणि हवाई येथे मोकळ्या रानात वाढले असून तेथे त्यांची कायदेशीर शिकार होते.