घरट्यापुढील कॅमेरा

अंगणात आलेल्या पाखरास काही विचारावे आणि त्याच्या उत्तराची वाट पाहावी, ही गोष्ट आळंदीस नवी नाही. ज्ञानदेवांच्या विरहिणीने आपल्या पंढरीरायाच्या येण्याचा शकुन कावळ्यालाच विचारला होता. आज इंद्रायणीच्या काठी कारखान्यांत काम करणाऱ्या कुटुंबांच्या वसाहती उभ्या आहेत. तरी त्यांच्या परसात बुलबुल, दयाळ, शिंपी आणि शिंजीर येतातच. पालटले आहे ते विचारण्याचे साधन. सुट्टीच्या सकाळी कित्येक घरांतून या पाखरांपुढे कॅमेरा धरला जातो. हा छंद सर्वस्वी निरुपद्रवी आहे, अशी आमचीही समजूत होती. तिला धक्का कसा बसला हे सांगण्यापूर्वी या छंदाचा पूर्वेतिहास पाहणे इष्ट होईल.

छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली आणि आपल्याकडे ती फार लवकर पोहोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक नावाजलेले छायाचित्रकार होत. परंतु त्या काळी काचेवर रसायन पसरून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे, आणि त्यास काही सेकंद तरी लागत. देवळास वा खुर्चीवर बसविलेल्या गृहस्थास हे मानवे. फांदीवरील चिमणीस 'जरा थांब' असे कोणी सांगावे? म्हणून पक्ष्याचा जवळून अभ्यास करावयाचा तर बंदूक हेच मुख्य साधन राहिले. मुंबईस १८८३ साली स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्षिसंग्रह अशाच टिपलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांनी वाढला. १९०८ साली एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरील पिवळ्या ठिपक्याचा उलगडा होईना, म्हणून तो सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे गेला. तो मुलगा म्हणजे सालिम अली. आपल्या देशातील सर्वश्रेष्ठ पक्षितज्ज्ञाचा ओनामा मेलेल्या पाखरापासून झाला, हे विसरता येत नाही.

बंदुकीच्या जागी कॅमेरा आणण्याचे श्रेय ज्यांना प्रामुख्याने दिले जाते, ते रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे बंधू इंग्लंडातील यॉर्कशायरच्या खेड्यात वाढले. १८९२ च्या एप्रिलमध्ये चेरीने थ्रश पक्ष्याच्या, म्हणजे आपल्या कस्तुराच्या गोतातल्या पाखराच्या, अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले. पुढे १८९५ साली दोघांनी ब्रिटनमधील पक्ष्यांच्या घरट्यांवर छायाचित्रांनी सजविलेला ग्रंथ काढला. पाखराने भिऊ नये म्हणून त्यांनी बैलाचे कातडे सांगाड्यावर चढविले आणि त्या पोकळ बैलाच्या पोटात शिरून चित्रे घेतली!

येथे एक गोष्ट ध्यानी धरली पाहिजे. या प्रवर्तकांनी घरटेच का निवडले? त्यांच्या काचा मंद होत्या आणि दूरचे जवळ आणणारी भिंगे दुबळी होती. पाखरू ठरल्या जागी खात्रीने परत येणार अशी जागा बहुधा एकच, त्याचे घरटे. तेव्हा घरट्यापुढे बसणे ही गरज होती. हिंदुस्थानात पक्ष्यांची छायाचित्रे घेत फिरलेले लोथर यांचे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले. त्यातही लपणीत बसून घेतलेली घरट्यांचीच चित्रे मुख्य आहेत. आज ती गरज उरलेली नाही. हल्लीचा कॅमेरा सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात उडते पाखरू टिपतो, आणि लांब पल्ल्याचे भिंग समोरच्या आंब्यावरील तांबट हाताशी आणते. कारण संपले, परंतु खोड मात्र राहिली.

ती खोड आमचीही होती. आमच्या परसातील जास्वंदीत लालबुड्या बुलबुलाने वाटीएवढे घरटे बांधले होते. पिले दोन. समोर आलेल्या पाच-सहा पानांमुळे चित्र साधेना, म्हणून आम्ही ती कात्रीने छाटली. छायाचित्रकारांच्या परिभाषेत या कृत्यास 'गार्डनिंग' असे गोंडस नाव आहे. चित्र उत्कृष्ट आले, आप्तेष्टांनी वाखाणले. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते आणि बुलबुलांची जोडी चोचीत अळी धरून फांदीफांदीवर आक्रोश करीत होती. ज्या वाटेने आमच्या भिंगास पिले दिसली, त्याच वाटेने ती कावळ्यास दिसली. कावळ्याचा यात दोष नाही. त्याची स्वतःची पिले होती. ती पाने हेच त्या घराचे छप्पर होते आणि ते आम्ही काढले होते.

पुढे आम्ही १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचला. त्यातील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत रानपाखरांची अंडी वा घरटी यांस उपद्रव देणे याचाही समावेश आहे. म्हणजे हातात बंदूक नसताही आम्ही शिकारीच ठरलो! बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे आलेली वाट घरट्यापाशी पुन्हा बंदुकीकडे वळते, ती अशी.

यास्तव हा छंद सोडावा काय? मुळीच नाही, घरटे तेवढे सोडावे. सावलीत मातीच्या पसरट भांड्यात रोज ताजे पाणी ठेवावे, त्यालगत एक वाळकी फांदी रोवावी आणि आपण खिडकीआड बसावे. उन्हाळ्यात साळुंकी, दयाळ, बुलबुल आपण होऊन येतात. चोचीत चारा धरलेले पाखरू आपणांस पाहून घुटमळू लागले, तर घरटे जवळच आहे असे समजून मुकाट्याने मागे सरावे. चित्राखाली तारीख आणि स्थळ लिहावे, म्हणजे ती अभ्यासकांच्याही उपयोगी पडेल अशी नोंद होते. २०१३ पासून दर फेब्रुवारीत आपल्या देशात परसातील पाखरांची जी गणना होते, तिच्यात सामान्य गृहस्थांच्या अशाच नोंदी जमा होतात.

पुढील वर्षी बुलबुल त्याच जास्वंदीत पुन्हा आले. त्या घरट्याचे चित्र आमच्यापाशी नाही. पिले मात्र उडाली.