मार्गनिर्धारण घटकांचे नामसंकेत

मार्गनिर्धारण घटकांचे नामसंकेत : जाळे-व्यवस्थापन प्रणालीला राउटरवर आपोआप सापडलेल्या शेजारी, क्षेत्र, सत्र इत्यादी घटकांना एकमेव नाव देण्याचे नियम.

उगम : एसएनएमपी हा व्यवस्थापन-प्रोटोकॉल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोष्टकातील प्रत्येक नोंद निर्देशांकाने ओळखली जाते (पहा : एसएनएमपी). ओएसपीएफ व बीजीपी या मार्गनिर्धारण प्रोटोकॉलांच्या कोष्टकांच्या सुधारित प्रमाण आवृत्त्या २००६ मध्ये आल्या.

वैशिष्ट्ये : बीजीपी सत्राची ओळख म्हणजे समोरच्या राउटरचा आयपी पत्ता. ओएसपीएफमध्ये शेजाऱ्याचा पत्ता आणि, जोडणीला स्वतःचा पत्ता नसल्यास, इंटरफेसचा क्रमांक लागतो. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर हा क्रमांक बदलू शकतो. मग जुनाच शेजारी नवा म्हणून नोंदला जातो आणि त्याच्या मोजमापांचा इतिहास तुटतो. शिवाय एकाच राउटरवरील, स्वतंत्र मार्गकोष्टके असलेल्या दोन खासगी जाळ्यांत तोच पत्ता आढळू शकतो. म्हणून नावात राउटर, प्रोटोकॉल, मार्गकोष्टक व शेजारी क्रमाने गुंफतात (पहा : ओएसपीएफ, बीजीपी).

राउटरच्या नावात अनेक कंपन्या विमानतळाचा त्र्यक्षरी संकेत घालतात. मुंबई विमानतळाचा संकेत ‘बीओएम’ आहे. शहराचे अधिकृत नाव १९९५ मध्ये बदलले, पण जुन्या नावावरून आलेला संकेत तोच राहिला. क्लाउडफ्लेअर ही जाळे-सेवा कंपनीही आपल्या मुंबई केंद्रासाठी तो वापरते.

महत्त्व : स्थिर नावामुळे बिघाडाची सूचना, आलेख व जुनी नोंद एकाच घटकाशी जोडलेली राहतात. कंपनीच्या नावापेक्षा बीजीपीत तिचे जाळे ओळखणारा स्वायत्त प्रणाली क्रमांक अधिक टिकाऊ असतो. विदेश संचार निगम ही दूरसंचार कंपनी २००८ मध्ये टाटा कम्युनिकेशन्स झाली; तिचा ४७५५ हा क्रमांक कायम आहे.